गाडीचा क्लेम बुडवणाऱ्या चुका, ज्या सहज टाळता येतात

पुण्यात एका गॅरेजच्या इन्शुरन्सच्या टेबलावर बसून मला चौदा वर्षं झाली. पावसाळा आला की समोरची गर्दी वाढते आणि दरवर्षी तीच वाक्यं कानावर पडतात. "एकदा सेल्फ मारून बघितला, बस." "नुकसान तपासणारा विम्याचा सर्व्हेअर यायला वेळ होता, म्हणून बंपर काढून ठेवला." "आलोच आहोत तर मागचा दरवाजाही यातच बसवा ना." कंपन्या अडवणूक करतात हे खरं आहे, मी ती रोज पाहतो. पण या वाक्यांनी बुडालेले क्लेम मला त्याहून जास्त छळतात, कारण ते वाचले असते.

सगळ्यात महाग चूक पाण्यातली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा दक्षिण पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं. त्यातल्या एकाच सोसायटीतल्या दोन गाड्या आमच्याकडे आल्या. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या, पाणी दोन्हींत सीटपर्यंत चढलेलं. पहिलीचे मालक शिक्षक होते. सकाळी पाणी ओसरल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, फडक्याने पुसलं आणि गाडी चालू होते का ते पाहिलं. तीनदा सेल्फ मारला. चौथ्यांदा आतून 'खट्' असा आवाज आला आणि सगळं जागच्या जागी अडकलं. दुसरीचे मालक कामासाठी नगरला गेले होते. त्यांनी फोनवर एकच सांगितलं, मी येईपर्यंत कुणी चावी लावू नका.

सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्याच्या भाषेत हे पुराचं थेट नुकसान राहत नाही, गाडी चालू केल्यामुळे झालेलं नंतरचं नुकसान ठरतं, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं, ते सरांच्या पॉलिसीत नव्हतं. सीट, कार्पेट, वायरिंग मंजूर झालं. इंजिनाचे एक लाखाच्या वरचे पैसे त्यांना स्वतःच्या खिशातून भरावे लागले. शेजारच्या गाडीचे प्लग काढून पाणी बाहेर काढलं, ऑइल बदललं, इंजिन शाबूत निघालं. सर त्या दिवशी टेबलासमोर बराच वेळ काही न बोलता बसून होते, ते मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच क्रम सांगतो. चावी खिशात ठेवा. पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्या खुणेचा नंबर प्लेटसकट फोटो काढा. जमत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. धक्का मारून गाडी सुरू करायच्या भानगडीत पडू नका. फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी अख्खी उचलून नेणाऱ्या ट्रकवर, चढवून गॅरेजला आणा. आणि गाडी घाईने धुऊन पुसून आणू नका. चांगला सर्व्हेअर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढतो आणि पट्ट्यावर गाळाची रेघ कुठे आहे ते बघतो. ती रेघ तुमच्या बाजूने बोलते.

दुसरी चूक म्हणजे गोष्ट रचणं. याचा मला मनापासून राग येतो, कारण बहुतेक वेळा खरं सांगून काहीही बिघडणार नसतं. एका गृहस्थांच्या मुलाने कात्रजजवळ दुचाकीला धडक दिली. मुलाकडे पक्कं लायसन्स होतं. मालकाच्या संमतीने, वैध लायसन्स असलेला कुणीही खासगी गाडी चालवत असेल तर पॉलिसी लागू होते, त्यासाठी मालकच चाकावर असावा लागत नाही. पण कुणीतरी ओळखीच्याने सल्ला दिला आणि फॉर्मवर वडिलांचं नाव गेलं. वडील त्या दिवशी सोलापूरला लग्नात होते आणि पोलिसांच्या पंचनाम्यात मुलाचं नाव होतं. सरळ निघून गेला असता असा क्लेम खोट्या माहितीच्या मुद्द्यावर सात महिने लोंबकळला आणि शेवटी नाकारला गेला. मी स्वतः फॉर्म भरून देत नाही. समोर बसवतो आणि घडलं ते चार ओळींत, मराठीत, त्यांच्याच हाताने लिहायला लावतो. किती वाजता, कुठे, कोण चालवत होतं, कशाला लागलं.

जुने पोचे नव्या क्लेममध्ये घुसडणं हाही त्यातलाच प्रकार. ताज्या ओरखड्यात पत्रा चकचकीत दिसतो, जुन्यात कडेला तांबूस गंज असतो. समोरून लागलेल्या धडकेने मागच्या दरवाजाला चीर पडत नाही. सर्व्हेअरला एकदा संशय आला की तो खऱ्या नुकसानीकडेही वाकड्या नजरेने बघतो.

लहान क्लेमच्या बाबतीत आधी कागदावर गणित मांडा. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापतात. म्हणजे ६,००० रुपयांच्या बंपरचे ३,००० राहिले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात, म्हणजे दर क्लेमला मालकाने सोसायची रक्कम, १,००० ची, उरले २,०००. रंगकामात थोडं मिळेल. तेवढ्यासाठी पाच वर्षं सांभाळलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनस वजा करण्याआधी १२,००० असेल तर पुढच्याच वर्षी ६,००० जास्त. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, असेल तर घसारा वाचतो, बोनस मात्र साधारणपणे जातोच.

बाकीच्या चुका थोडक्यात. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. सर्व्हे होईपर्यंत एकही नट सोडवू नका, बदललेले भागही शेवटपर्यंत जपून ठेवा. कुणाला इजा झाली किंवा गाडी चोरीला गेली तर पोलिसांत नोंद हवीच. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढवा. जुनी गाडी घेतली तर पॉलिसी १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही.

आणि क्लेम नाकारला की फोनवर भांडत बसू नका. कारण लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे. कंपनीने ती तक्रार फेटाळल्यापासून, किंवा उत्तराविना महिना उलटल्यापासून, एका वर्षाच्या आत जावं लागतं. पुरात इंजिन गेलेल्या त्या सरांना मी हे सांगितलं होतं, पण त्यांच्या केसमध्ये सेल्फ मारल्याचा पुरावा, तो वाकलेला रॉड, गॅरेजच्या टेबलावरच पडलेला होता.