तिओंग बारूत सकाळची न्याहारी
सिंगापूरच्या तिओंग बारू मार्केटात खाली भाजी-मासळी, वरच्या मजल्यावर खाण्याचे गाळे. सकाळीच जा, बरेच गाळे दुपारीच आवरतात, सोमवारी कित्येक बंदच. टेबलावर टिशूचं पाकीट ठेवलं की जागा तुमची, मग रांगेला लागा.

'ज्यान बो' या गाळ्याचं श्वे क्वे खायलाच हवं: तांदळाच्या पिठाच्या लुसलुशीत वाफवलेल्या वाट्या, मधल्या खळग्यात परतलेला खारवलेला मुळा, बाजूला तिखट. हा मुळा काही ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, म्हणून शाकाहारींनी आधी विचारावं.

नुसतं 'कोपी' म्हटलंत तर कॉफीत कंडेन्स्ड मिल्क येतं. बिनदुधाची, पण साखरेची हवी तर 'कोपी-ओ'. साखरही नको तर 'कोपी-ओ कोसोंग'. उठताना ट्रे ठरल्या जागी ठेवा. 2021 पासून तसं बंधनकारक आहे.