लेन्स लावता आणि डोळा लाल झाला? आधी लेन्स काढा

डोळा लाल झाला, आत खडा गेल्यासारखं खुपतंय, तर साबणानं हात धुवा, कोरडे करा आणि लगेच लेन्स काढून चष्मा लावा. आज घरात लग्न आहे, उद्या काढते, असं अजिबात करू नका. काढलेली लेन्स फेकू मात्र नका, डबीसकट डॉक्टरकडं न्या, त्यावरून कोणता जंतू आहे ते तपासता येतं.

दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, बुबुळावर पांढरा ठिपका, चिपडं येणं, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. गावात नसेल तर जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा नेत्र विभाग, संभाजीनगरकडच्यांना घाटी रुग्णालय आहेच. स्यूडोमोनास नावाचा जंतू एक-दोन दिवसातच बुबुळाची वाट लावतो.

आणि मेडिकलमधून आपल्या मनानं ड्रॉप घेऊ नका हो. लातूरला क्लासला होते तेव्हा मी घेतला होता, दोन दिवस लाली गेली, मला वाटलं बरं झालं, तिसऱ्या दिवशी दुप्पट ठणका. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं लाली दबते पण आतलं इन्फेक्शन वाढतच राहतं. बाटलीवर डेक्सामिथासोन, प्रेडनिसोलोन असं काही दिसलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय थेंबही नको. गुलाबपाणी, मध पण नको, आणि डोळ्यावर पट्टी बांधू नका.

आपल्याकडं खरी अडचण पाण्याची. टँकरचं, बोअरचं, ड्रममध्ये चार दिवस साठवलेलं, आणि फिल्टरचंसुद्धा, कुठलंच पाणी लेन्सला किंवा डबीला लावायचं नाही. पाण्यात अकँथामिबा नावाचा जंतू असू शकतो, क्लोरीननं पण तो सहज मरत नाही, आणि डोळ्यात बसला की उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून अंघोळीच्या आधी लेन्स काढा. डबी सोल्युशननंच धुवायची, उपडी ठेवून वाळवायची, तीन महिन्यात बदलायची, आणि कालच्या सोल्युशनमध्ये नवीन ओतून भागवायचं नाही. लेन्स घालून झोपू नका, त्यानं इन्फेक्शनचा धोका सहा-आठ पटीनं वाढतो. मळणीला किंवा शेतात जाताना चष्माच बरा, काडी-कुसळ लागून बुरशीचं इन्फेक्शन होतं.

डॉक्टर हो म्हणाले की मगच परत लेन्स, ती पण नवी जोडी, नव्या डबीत.