केनियाला निघण्याआधी

भाचीचं नर्सिंग झालं, व्रतं झाली, आणि आता मठाने तिला केनियाला पाठवायचं ठरवलंय. त्यातही उत्तरेकडच्या तुर्काना भागात, लोदवार गावाच्या बाजूला. मी तिथेच अकरा वर्षं दवाखाना सांभाळला. परवा ओट्यावर बसून तिने विचारलं, “आत्या, बॅगेत काय काय भरू?” म्हटलं, बॅगेचं शेवटी बघू, आधी कागद. तिला जे सांगितलं तेच इथे लिहून काढते. वसईतून अशी पोरं-पोरी निघतच असतात, आणि प्रत्येकाची आई मला तेच प्रश्न विचारते.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घे. लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. कार्डावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते केंद्रातच उभं राहून बघ. २०१६ पासून ही लस जन्मभर चालते. पण चालते म्हणजे कार्ड हातात असलं तर. केनियाहून भारतात उतरताना ते दाखवावंच लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हे मला माहीत होतं. तुझे आजोबा गेले तेव्हा निरोप रात्री आला, पहाटे मिळेल त्या गाडीने निघाले, आणि कार्ड राहिलं लोदवारला माझ्या उपासनेच्या पुस्तकात. मुंबईला उतरले तेव्हा घर दोन तासांवर होतं. मातीला मी नव्हते. खिडकीपाशी बसून फोनवर घंटा ऐकली, बस. दोष कुणाचा नाही, माझाच. कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेव, दुसरीकडे कुठेही नको. एक फोटो तुझ्या बाबांच्या फोनवर ठेव, पण फोटोच्या भरवशावर राहू नकोस.

तिथे काम करायला परमिट लागतं. मिशनच्या कामासाठीचं ते ‘क्लास आय’, आणि त्याचं तिथल्या सिस्टर बघतात. तू नर्स आहेस, म्हणून केनियाच्या नर्सिंग काउन्सिलची नोंदणीही लागेल, आणि त्यासाठी इथल्या काउन्सिलकडून व कॉलेजकडून पत्रं जावी लागतात. ही पत्रं महिनोन् महिने रेंगाळतात. आजच अर्ज टाक, आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन विचार, लाजू नकोस.

आता सातबारा. हे कुणी सांगत नाही, कारण व्रत घेतलेल्या माणसाशी जमिनीचं बोलायला सगळ्यांना अवघड वाटतं. आजोबांनंतर वाडीच्या उताऱ्यावर माझं नाव लागलं. मला त्यातलं काहीच नको होतं, पण नाव होतं. तुझ्या बाबांना विहिरीजवळचा तुकडा वेगळा करायचा होता, तर सही माझी अडली. त्या एका सहीसाठी मी लोदवारहून नैरोबी गाठली, जवळजवळ सातशे किलोमीटर. भारतीय उच्चायुक्तालयात कुलमुखत्यारपत्र केलं, कुरियरने इथे पाठवलं, आणि त्यात एक स्पेलिंग चुकलं म्हणून पुन्हा तीच वारी. तेव्हा तुझं नाव जिथे जिथे लागलंय तिथलं हक्कसोडपत्र नाहीतर कुलमुखत्यारपत्र इथे असतानाच करून टाक. बँकेला सांगून खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथलं खातं, करून घे. आणि इथलं सिमकार्ड मरू देऊ नकोस, रिचार्जचं काम भावाला दे. आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

भाषेचं. स्वाहिली ऐकून तुला घरचंच वाटेल: चाय, चपाती, दुका, हेसाबू, साबुनी, पेसा. त्यातच फसायला होतं. मी पहिल्याच आठवड्यात आमच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला मान म्हणून ‘दादा’ म्हटलं. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. भावाला म्हणतात काका! दवाखान्याची अख्खी रांग हसली. मग त्यानेच सांगितलं, उद्या गाडी ‘सा तातू’ला निघेल. तातू म्हणजे तीन, एवढं मला येत होतं. दुपारी तीनला मी औषधांची पेटी घेऊन दारात उभी, गाडी सकाळी नऊलाच गेलेली. तिथे तास मोजतात सकाळी सहापासून. सात वाजले की त्यांचा एक. आकडा ऐकलास की सहा मिळव. आणि आतल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना स्वाहिलीही येत नाही, त्यांची तुर्काना वेगळी. “एजोक” हा त्यांचा नमस्कार, एवढं म्हटलंस तरी बसायला जागा देतात. आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाला १५९७ साली नागासाकीला क्रूसावर दिलं, हे आपण दर सणाला ऐकतो. पण फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्तांनी त्याला मनिलाहून जपानला नेलं ते दुभाषा म्हणून, हे प्रवचनात कमीच येतं.

बॅग. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, आणि तुझी आई प्रत्येक डबा दोन कॅरीबॅगेत गुंडाळणार. तिला जुन्या साडीच्या पिशव्या शिवायला लाव, तेवढाच तिचा हातही गुंतेल. चार्जरला चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर घे. सुती कपडे, तेही फिके, गडद रंग तिथल्या उन्हात महिन्यात विटतो. रबरी चपला नकोतच. आपल्याकडची वेडी बाभूळ तिथे रानभर माजली आहे, काटा तळव्यातून वर येतो. तिथे गेल्यावर बाजारातून टायरच्या चपला घे, सगळे त्याच घालतात. मसाल्याची एक बाटली पुरे. सुके बोंबील नेऊ नकोस, मी नेले होते. दोन वर्षांनीही त्या बॅगेजवळ मांजर बसायची.

आणि आईला रोज फोनचं वचन देऊ नकोस. नेटवर्क गेलं की ती रात्रभर जागेल. रविवारचा एक वार ठरव. घरी रात्रीची जपमाळ आटोपते साडेआठला, तेव्हा तुझ्याकडे सहा वाजलेले असतील, म्हणजे त्यांचे बारा. हे त्यांचं गणित मात्र तिला सांगू नकोस, घाबरेल.

बुधवारी आपण दोघी निबंधकाच्या कचेरीत जाऊ. आधार आणि फोटो घेऊन ये. माझीही एक सही अजून बाकी आहे.