घरची प्रार्थना मुलांची कशी व्हावी

बावीस वर्षं मी चर्चमध्ये मुलांचं संडे स्कूल घेतलं, घरात तीन मुलं वाढवली. त्यामुळे ‘मुलांना रविवारी पाठवा, बाकी पाळकसाहेब बघतील’ असं कोणी सांगितलं की मला राहवत नाही. आठवड्यातून एक तास मिळतो, त्यात हजेरी, गाणी आणि पाठांतर. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौल बायबलमध्ये लिहितो. म्हणजे सुरुवात घरातून होते, आणि ती अशी करायची.

रात्रीचं जेवण झालं की भांड्यांना हात लावायच्या आधी दहा मिनिटं बसा. टीव्ही बंद, मोबाईल कपाटावर. एक भजन, एक उतारा, एक प्रार्थना. यापेक्षा लांबवलंत तर धाकटं झोपतं आणि मोठं घड्याळ बघतं.

भजन टाळावर म्हणा. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगाच्या वळणाची भजनं लिहिली. ती पोरांच्या तोंडात लवकर बसतात. वाचनाला बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, घ्या, 16 अध्यायांचं, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. मुलालाच वाचू द्या, अडखळला तरी मध्ये बोलू नका.

प्रार्थना मात्र घरच्या बोलीत करा. चर्चमध्ये आपण प्रमाण मराठी बोलतो, पण आमच्या चोपडा तालुक्यात घरात अहिराणी, नवापूरकडे मावची, सातपुड्यात पावरी. भूक लागली हे मूल ज्या बोलीत सांगतं, त्याच बोलीत त्याला देवाशी बोलू द्या.

इथवर कोणालाही जमतं. अवघड वेळ पुढे येते. मूल बारा-तेरा वर्षांचं होतं आणि एक दिवस खरा प्रश्न विचारतं. मी तिथेच चुकले.

माझा मुलगा आठवीत होता. केळीची बाग कापणीला आली होती, आठ-दहा दिवस उरले होते, आणि आम्ही रोज रात्री त्या बागेसाठी प्रार्थना करत होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं. अर्ध्या तासात खांब कमरेतून मोडले, भरलेले घड चिखलात पडले. मुलगा बांधावर उभा राहून मोडलेल्या खांबातून ठिबकणारं पाणी बघत होता. रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा त्याने विचारलं, “माय, देवनी आपलं ऐकं नही का?”

मी म्हणाले, “असं बोलू नये, पाप लागतं.”

तो गप्प झाला. त्यानंतर दोन वर्षं तो रोज प्रार्थनेला बसला, डोळे मिटून आणि तोंडही मिटून. प्रश्न विचारणं पाप आहे असं शास्त्रात कुठेही नाही. मी घाबरले होते आणि माझी भीती मी त्याच्या अंगावर टाकली.

म्हणून ठासून सांगते. त्या रात्री उत्तर द्यायची घाई करू नका. “मलाही कळत नाही रे, मलाही रडू येतंय,” एवढं म्हणा आणि त्याच्याजवळ बसा. ‘देवाची इच्छा’, ‘तो परीक्षा बघतोय’ ही वाक्यं तोंडातून काढू नका. ज्याची बाग पडली त्याला ती दगडासारखी लागतात. आमच्याकडे एक वडीलधारे आले आणि मुलासमोर म्हणाले, “घरात काही पाप असेल, शोधा.” बायबलमधल्या ईयोब या नीतिमान माणसावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही हेच म्हणाले होते आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. ईयोब 42:7 उघडून मुलाला दाखवा. असं बोलणाऱ्याला, तो कितीही मोठा असो, तिथल्या तिथे थांबवा. मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायबलमधलं स्तोत्र 13 वाचा. सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनांत चार वेळा ‘कोठवर’ येतं. देवाकडे गाऱ्हाणं करता येतं हे मुलाला तिथे दिसतं. मग गेथशेमाने बागेतला उतारा: वधस्तंभाच्या आदल्या रात्री दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी प्रभू येशूने स्वतः विनंती केली आणि प्याला दूर झाला नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 3:17-18 मात्र महिनाभर थांबून वाचा. अंजीर फुललं नाही, शेतांनी अन्न दिलं नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, असं तो म्हणतो. पहिल्याच आठवड्यात हे वाचलंत तर ते मुलाचं तोंड बंद करायला वाचल्यासारखं होतं.

आणि चुकलात तर माफी मागा. मी दोन वर्षांनी मागितली, चुलीजवळ, नाव घेऊन, कशाबद्दल ते स्पष्ट सांगून. तो म्हणाला, “माले वाटनं तुले आठवत नही.”

मूल प्रार्थना करत नसेल तर करायला लावू नका, फक्त त्याची जागा रिकामी ठेवू नका. सतरंजीवर रोजच्याच जागी त्याला बसू द्या आणि वाचन त्याच्याकडे द्या.

शिकायला पुण्या-नाशिकला गेलं की रविवारी फोन करा. ‘चर्चला गेलास का?’ हा पहिला प्रश्न नको. काय जेवलास ते विचारा, मग या आठवड्यात प्रार्थनेत काय मागू ते विचारा, आणि आपल्यासाठी काय मागायचं तेही सांगा. पहिले दोन-तीन महिने तो ‘काही नाही’ म्हणेल. तरी दर रविवारी विचारा.