छतावर सोलर, दारात इलेक्ट्रिक गाडी, तरी बिल कसं येतं? नागपूरकरांनो, या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात बेस्यातले आमचे एक काका रात्री बाराचा अलार्म लावून उठायचे. गाडी चार्जिंगला लावायला. बनियनवरच खाली जायचे, प्लग लावायचे, पुन्हा वर येऊन झोपायचे. मध्यरात्रीनंतर वीज स्वस्त असते, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. दोन महिने हा नेम चालला. मग बिल घेऊन माझ्याकडे आले. "काऊन हो भाऊ, छतावर सोलर आहे, दारात गाडी आहे, अर्ध्या रात्री उठून राहिलो, अन् बिल तं येऊनच राहिलं!"

काकांचा हिशेब बरोबर होता, देश चुकला होता. रात्रीच्या स्वस्त विजेचे प्लॅन परदेशातले. तिथे चार कंपन्या दहा प्लॅन समोर ठेवतात आणि गिऱ्हाईक निवडतं. आपल्याकडे घरगुती सवलत आहे ती भर दुपारची. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या महावितरणच्या दरांत स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सूट ठेवली आहे. कारण सरळ आहे. दिवसा राज्यभर सौर वीज भरपूर असते, ती दिवसाच खपावी असं वाटतं.

म्हणून पहिली चूक, परदेशी सल्ला नागपुरी मीटरला लावणं. दुसरी त्याहून मोठी, 'माझा प्लॅन कोणता' असं विचारत बसणं. इथे प्लॅनची यादी कोणी देत नाही. मंजूर भार (जोडणीला मंजूर झालेले किलोवॅट) किती, फेज एक की तीन, मीटर कोणतं, सोलर किती किलोवॅटचं आणि गाडी कोणत्या मीटरवर चार्ज होते, एवढ्या गोष्टींतून तुमचा दर आपोआप ठरतो.

गाडीसाठी वेगळं कनेक्शन

'ईव्हीचा दर वेगळा असतो' हे अर्धवट ऐकून बरेच जण दुसरं मीटर मागायला निघतात. वेगळा वर्ग आहे, पण तो चार्जिंग स्टेशनसाठी. स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज केली तर घराचाच दर लागतो. शिवाय सोलरचे युनिट ज्या मीटरला जोडलेत त्याच मीटरच्या वापरातून वजा होतात. गाडी दुसऱ्या मीटरवर नेलीत तर छतावरची वीज एका खिशात आणि खर्च दुसऱ्या खिशातून, वर स्थिर आकार (वीज वापरा न वापरा, दर महिन्याला द्यावाच लागतो तो) दोनदा.

फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांनी पार्किंगच्या सामायिक मीटरवरून गाडी लावू नये. पहिल्याच मीटिंगमध्ये भांडण होतं. मीटर रूम बहुधा खाली पार्किंगजवळच असते. सोसायटीची लेखी परवानगी काढून आपल्या मीटरपासून आपल्या जागेपर्यंत स्वतंत्र वायर ओढून घ्या.

तीन फेजचा मोहही आवरा. सात किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, हवा म्हणून लोक तीन फेज घेतात आणि दर महिन्याला वाढलेला स्थिर आकार भरतात. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवरून तासाला अडीच-तीन युनिट जातात. रात्री नऊ तासांत २५ युनिट गेले तरी दीडशे किलोमीटर सहज. बेसा ते बुटीबोरी रोज येऊन-जाऊन करणाऱ्याला याहून जास्त लागतं कशाला?

स्लॅबचा हिशेब उलटा मांडणं

स्लॅब म्हटलं की आपल्याकडे आधी छत आठवतं. पण बिलातले स्लॅब चार: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर चढत जातो. '३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग' ही समजूत इतकी पक्की आहे की महिनाअखेरीस लोक फ्रिज बंद करतात. तसं होत नाही. महाग दर फक्त वरच्या युनिटना लागतो.

आता गाडी आणा. महिन्याला ९०० किलोमीटर, युनिटला सात किलोमीटर धरले तर १३० युनिट. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरून १४५ म्हणू. घराचा वापर २६० असेल तर बेरीज ४०५. गाडीचे ४० युनिट दुसऱ्या स्लॅबमध्ये बसतात, १०५ तिसऱ्यात. म्हणजे गाडीचा खर्च काढताना बिलाच्या रकमेला एकूण युनिटनी भागून आलेला सरासरी दर उपयोगाचा नाही. गाडी नेहमी वरच्या, महाग युनिटवर धावते.

सोलर मात्र वरून कापत खाली येतं. पहिला किलोवॅट सगळ्यात महाग युनिट खातो आणि शेवटचा सगळ्यात स्वस्त. अनुदानही तसंच उतरतं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० वर गाडं थांबतं. चौथ्या-पाचव्या किलोवॅटला अनुदान नाही आणि तो वाचवतो ते पहिल्या स्लॅबमधले स्वस्त युनिट. म्हणून 'बिल शून्य करून देतो' म्हणणाऱ्या विक्रेत्यापुढे मी हात जोडतो. शून्य तसंही होत नाही, स्थिर आकार राहतोच. माझं मत असं, की गाडी नवी असेल तर आधी वर्षभर चालवा. छतावर जागा राखून ठेवा. पॅनेल नंतर वाढवता येतात, छतावर चढलेले परत देता येत नाहीत.

मे महिन्याचं बिल हातात घेऊन सोलर ठरवणं

इथे थोडं थांबू, कारण नागपुरात पैसा बुडतो तो इथेच.

विक्रेता म्हणतो, तुमचं सगळ्यात मोठं बिल दाखवा. आपण मे महिन्याचं देतो. दोन कूलर दिवसरात्र, रात्री बेडरूमचा एसी, वापर ५५० युनिट. एक किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिट देतं, या हिशेबाने तो पाच किलोवॅट गळ्यात मारतो. तेच घर डिसेंबरमध्ये १८० युनिट वापरतं. बिलावरच मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो कोणी वाचत नाही.

बरं, जास्तीचे युनिट जमा होतात ना? होतात, पण ३१ मार्चपर्यंत. आत घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजणारं ते नेट मीटर, त्याचं खातं एप्रिल ते मार्च चालतं. वर्षअखेरीस जे युनिट उरतात ते पुढे जात नाहीत. वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने त्यांचे पैसे मिळतात आणि तो दर तुम्ही विजेला मोजता त्याहून बराच कमी असतो. आता नागपूरचं कॅलेंडर समोर धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखेही बंद, ऊन मात्र लख्ख. तीन किलोवॅटचं सोलर महिन्याला ३४० युनिट देतं, घर १८० खातं. चार महिन्यांत सहाशेच्या वर शिल्लक. मार्चमध्ये कूलरची खस बदलायला काढतो, ३१ तारखेला खातं कोरं होतं आणि १ एप्रिलपासून कूलर सुरू. जमवलेलं धान्य पेरणीच्या आदल्या दिवशी विकावं, तसला प्रकार.

गाडीचं खरं काम इथे आहे. महिन्याचे १४५ युनिट ती हिवाळ्यातही खाते. गाडी नसलेल्या घरात तीन किलोवॅट हिवाळाभर ऊतू जातं. गाडी आली की तेच बेताचं होतं. उन्हाळ्यात थोडं बिल येईल, येऊ द्या. बारा महिन्यांचा वापर बेरजेला घ्या, त्यात गाडीचे वर्षभराचे युनिट मिळवा, बाराने भागा आणि १२० ने भागून किलोवॅट काढा. आलेला आकडा अर्ध्या किलोवॅटने खाली उतरवला तरी चालेल, वर नेऊ नका.

आणखी एक. मे महिन्यात ऊन जेवढं जास्त तेवढीच वीज जास्त, हा भ्रम. पॅनेल तापलं की उत्पादन घटतं; पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के. ४५ अंशांच्या दुपारी पॅनेल ६५ च्या पुढे जातं, म्हणजे बारा-पंधरा टक्के तिथेच गेले. पाण्याच्या टाकीची सावली आणि एप्रिलची धूळ वेगळी. पहाटे पाण्याने धुवा. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

बॅटरी, दुपार आणि 'लाइन गेली'

गाडी दिवसभर ऑफिसात असते, मग सोलरने चार्ज कशी होणार, या काळजीने काही जण घरात बॅटरी घेतात. पाच युनिटची बॅटरी गाडीला ३५ किलोमीटर नेते. साध्या नेट मीटरमध्ये दुपारी दिलेलं युनिट रात्री तसंच परत मिळतं, त्यामुळे या कामासाठी बॅटरी नको. स्मार्ट मीटर आणि वेळेनुसार दर लागू असेल तर मात्र बारकाईने बघा. वेळेनुसार दर असलेल्या ग्राहकाचं जादा उत्पादन आधी त्याच वेळेतल्या वापरातून वजा करायचं आणि उरलेलं कमी मागणीच्या वेळेत धरायचं, अशी तरतूद आयोगाच्या नेट मीटरिंगच्या नियमांत आहे. आपल्या बिलात युनिट कसे वजा होणार, हे अर्ज करतानाच लेखी विचारून ठेवा. आणि ९ ते ५ च्या सवलतीला फार भुलू नका. सोलर असलेलं घर त्या वेळात बाहेरून वीज घेतंच किती? रविवारी दुपारी गाडी लावलीत तर जमेल तेवढं.

सोलर आहे म्हणजे लाइन गेल्यावरही घर चालेल, हेही नाही. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनवरच चालणारा, सोलर इन्व्हर्टर लाइन जाताच बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून झटका बसू नये म्हणून.

सॉकेट वितळलं, ते माझंच

पहिल्या महिन्यात मी एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्ज केली. तिसऱ्या रात्री जळका वास आला. बोर्डाचं प्लास्टिक मऊ पडलं होतं, पिना निळसर झाल्या होत्या. इस्त्री दहा मिनिटं चालते, गाडी आठ तास. गाडीला डीबीपासून (घरातल्या स्विच-फ्यूजच्या पेटीपासून) थेट ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), सोबत आरसीसीबी (वीज गळली की पडणारा) आणि चांगलं औद्योगिक सॉकेट लावा. मधूनच चार्जिंग तुटत असेल तर गाडीला दोष देण्याआधी अर्थिंग तपासा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवतो. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

बिल चुकलं असं वाटतं तेव्हा

सगळ्यात जास्त येणारी तक्रार अशी: मोबाइलवर ३५० युनिट दिसतात, बिलात २१० च जमा. चोरी नाही झाली. ३५० हे उत्पादन आहे. त्यातले १४० घराने जागेवरच वापरले, ते मीटरपर्यंत पोचलेच नाहीत. सोलरच्या विजेतलं मीटर फक्त बाहेर गेलेलं मोजतं.

खरी चूक शोधायची तर नेट मीटरच्या पडद्यावरचे दोन आकडे बघा. बहुतेक मीटरवर १.८.० पुढे आत घेतलेले आणि २.८.० पुढे बाहेर दिलेले युनिट येतात. रीडिंगच्या दिवशी दोन्हींचा फोटो काढा. बिलातलं मागचं रीडिंग आधीच्या बिलातल्या चालू रीडिंगशी जुळतं का आणि मागची शिल्लक पुढे ओढली आहे का, एवढंच पाहायचं. मीटर बदललेल्या महिन्यात जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग हमखास गोंधळ घालतं. तो फोटो मीटर उतरवण्याआधीच घ्या. फरक निघाला तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा, कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल. त्यांचं एक कार्यालय नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही.

काका हल्ली संध्याकाळी सातला गाडी लावतात आणि दहाला झोपतात. बिल तेवढंच येतं.