लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रुप हायकिंग आणि वाटा दुरुस्तीचं काम: नवीन मंडळींसाठी

इंग्लंडात शिकायला नाहीतर नोकरीला आलात आणि डोंगराची आवड असेल, तर ग्रुपसोबत नुसतं चालून येऊ नका, वाटा दुरुस्त करायलाही जा, खरा डोंगर तिथेच कळतो असं माझं तरी मत झालंय. लेक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे वायव्य इंग्लंडच्या डोंगराळ भागात, हे काम फिक्स द फेल्सवाले करतात (फेल म्हणजे तिथला डोंगर), त्यात नॅशनल ट्रस्ट ही निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणारी संस्था, नॅशनल पार्क वगैरे सगळे मिळून आहेत.

नवख्या माणसाला ड्रेन रन बेस्ट. फावडं घेऊन चढायचं आणि वाटेत जे दगडी आडवे चर असतात त्यातली माती-खडी उपसत जायचं, बस. ऐकायला फालतू वाटतं, पण तिथल्या सीथवेट गावाला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, म्हणजे चर तुंबला की पाणी सरळ वाटेवरूनच धावतं, माती घेऊन जातं, दगड उघडे पडतात, मग लोक पाय वाचवायला कडेच्या गवतावरून चालतात, तेही मरतं आणि वाट रुंदच होत जाते. उपसलेली खडी चराच्या वरच्या बाजूला टाकायची नाही हं, पुढच्या पावसात परत आत येणार. आणि हायकिंगला गेलात तरी चिखल असो नाहीतर पाणी, वाटेच्या मधूनच चाला, बूट असतातच कशाला.

पुढची पायरी पिचिंग, म्हणजे मोठे दगड खोल गाडून पायऱ्यांसारखी वाट बांधायची, काही ठिकाणी तर दगड हेलिकॉप्टरने वर आणतात. पाठीचा प्रॉब्लेम असेल त्यांनी यात पडू नये.

ग्रुपमध्ये वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा, यावर वाद घालायचाच नाही. वेळेचा अंदाज नेस्मिथच्या नियमाने काढा, ५ किमीला एक तास आणि दर ३०० मीटर चढाईला अर्धा तास जास्त, पण ब्रेक आणि फोटो त्यात धरलेले नसतात. स्कॅफेल पाइक, इंग्लंडचं सगळ्यात उंच शिखर, फक्त ९७८ मीटर म्हणून हलक्यात घेऊ नका, ढग उतरले की समोरचं काही दिसत नाही आणि फोनला रेंज असेलच असं नाही, कागदी मॅप आणि कंपास हवाच, आणि तो वापरताही यायला हवा. शिट्टी ठेवा, संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची. रेंज असेल तर ९९९ ला पोलीस मागून माउंटन रेस्क्यू हवंय म्हणून सांगायचं, ते लोकही व्हॉलंटियरच असतात आणि पैसे घेत नाहीत.