नवा टीव्ही घरी आल्यावर चित्राची सेटिंग कशी लावावी

नवा टीव्ही भिंतीवर बसवून आणि वायफायला जोडून कंपनीचा माणूस निघून गेला, की बहुतेक घरांत त्याच्या चित्राला पुन्हा कोणी हात लावत नाही. आवाज कमी-जास्त होतो, चॅनेल बदलतात; सेटिंगमधला ‘पिक्चर’ हा विभाग मात्र टीव्ही मोडीत निघेपर्यंत तसाच राहतो. वास्तविक टीव्ही ज्या अवस्थेत खोक्यातून बाहेर येतो, ती बहुधा घरातल्या उजेडासाठी ठरवलेलीच नसते. शोरूमच्या प्रखर दिव्यांखाली, शेजारच्या दहा-वीस टीव्हींच्या रांगेत गिऱ्हाइकाची नजर खेचून घेण्यासाठी पांढरा रंग निळसर, लाल-हिरवे रंग भडक आणि वस्तूंच्या कडा कोरून काढल्यासारख्या ठेवलेल्या असतात. रात्री हॉलमध्ये बसून दोन तास मालिका किंवा सामना पाहायचा असेल, तर हेच गुण डोळ्यांना टोचू लागतात. हे सुधारायला तंत्रज्ञ बोलवावा लागत नाही. रिमोट हाती घेऊन निवांत बसण्याची तयारी पुरते. फक्त क्रम सांभाळावा, कारण आधी बारीकसारीक आकडे बदलून मग मुख्य मोड बदलला, तर केलेले सगळे काम वाया जाते.

सुरुवातीला टीव्ही ‘शॉप’, ‘रिटेल’ किंवा ‘डेमो’ मोडमध्ये तर राहिलेला नाही ना, हे तपासावे. पडद्यावर अधूनमधून टीव्हीच्याच वैशिष्ट्यांची पट्टी झळकत असेल, किंवा आपण केलेले बदल काही मिनिटांनी आपोआप पुसले जात असतील, तर हाच मोड चालू आहे असे समजावे आणि ‘सिस्टिम’ किंवा ‘जनरल’ या भागात जाऊन तो ‘होम’ करावा. त्यानंतर वीज वाचवण्यासाठी खोलीतला उजेड पाहून पडदा मंद करणारी सोय काही वेळ बंद ठेवावी. आपण सेटिंग करत असताना टीव्ही स्वतःच्या मनाने उजेड बदलत राहिला, तर कशामुळे काय झाले हे कळणार नाही. हे काम घरात एरवी टीव्ही पाहण्याच्या वेळी, म्हणजे बहुधा संध्याकाळी, नेहमीचे दिवे लावून करावे आणि समोर माणसांचे चेहरे जवळून दिसतील असा एखादा ओळखीचा चित्रपट चालू ठेवावा. फुलांचे आणि पोपटांचे नमुना व्हिडिओ उपयोगाचे नाहीत, कारण त्यांत सगळेच रंग सुंदर दिसतात. चेहऱ्याचा रंग बिघडला तर तो कोणाच्याही लगेच लक्षात येतो.

आता पिक्चर मोड. ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर तो सोडून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा, उपलब्ध असल्यास, ‘फिल्ममेकर मोड’ निवडावा. हा शेवटचा मोड टीव्ही उत्पादक आणि चित्रपट स्टुडिओ ज्या ‘यूएचडी अलायन्स’मध्ये एकत्र आहेत त्या संस्थेने २०१९ मध्ये जाहीर केला, आणि त्यात टीव्हीने चित्रावर स्वतःची कारागिरी करू नये एवढीच अपेक्षा आहे. मोड बदलताच घरातून पहिली तक्रार येईल ती ‘चित्र पिवळे पडले’ अशी. ते पिवळे पडलेले नसते. इतके दिवस निळे होते. चित्रपट आणि मालिकांचे रंग स्टुडिओत ज्या पांढऱ्यावर बेतले जातात, त्याचे रंगतापमान (पांढरा किती पिवळसर वा निळसर आहे याचे माप) सुमारे ६५०० केल्विन असते, तर ‘कूल’ सेटिंगमधला पांढरा त्याच्या बराच पुढे, निळ्याकडे गेलेला असतो. आपल्याकडे घरोघरी लावल्या जाणाऱ्या ‘कूल डेलाइट’ एलईडी दिव्यांच्या खोक्यावरही बहुधा ६५००च लिहिलेले असते, तेव्हा सिनेमा मोडमध्ये दिसणाऱ्या ‘वॉर्म’ या रंगतापमानाच्या नावाला बिचकण्याचे कारण नाही. ते सेटिंग उलट आपल्या खोलीच्या उजेडाशी जुळणारे आहे. चार-पाच दिवस तसेच पाहावे आणि मग व्हिविडवर परत जाऊन पाहावे. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही, तर ‘वॉर्म २’ऐवजी ‘वॉर्म १’ ठेवून तडजोड करता येते.

उजेडाच्या बाबतीत नावांचा घोळ आहे, तो आधी समजून घ्यावा. जुन्या आणि काही नव्या टीव्हींमध्ये ‘बॅकलाइट’ म्हणजे पडद्यामागच्या दिव्याची तीव्रता आणि ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळ्या रंगाची पातळी. तर अनेक नव्या टीव्हींमध्ये ‘ब्राइटनेस’ म्हणजेच मागचा दिवा असून काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘शॅडो डीटेल’ असे वेगळे नाव दिलेले असते. कोणते बटण काय करते हे ओळखण्यासाठी चित्रपटातला अंधारा प्रसंग थांबवून ठेवावा आणि आकडा वर-खाली करून पाहावा. चित्राच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या राखाडी होत असतील आणि पात्राच्या काळ्या कोटाच्या घड्या दिसू-लपू लागल्या असतील, तर ते काळ्याचे बटण आहे. ते पट्ट्या काळ्या राहतील पण कोटाच्या घड्या आणि केसांच्या बटा बुजणार नाहीत अशा ठिकाणी आणून सोडून द्यावे. सिनेमा मोडमध्ये ते बहुधा जागेवरच असते. खोलीतल्या उजेडाप्रमाणे फक्त मागचा दिवा कमी-जास्त करावा. काळ्या पातळीशी खेळून चित्र उजळ करू पाहणाऱ्याला धुरकट चित्र मिळते.

‘शार्पनेस’ जितका जास्त तितके चित्र स्पष्ट, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. हे सेटिंग चित्रात नसलेला तपशील आणू शकत नाही. ते कडांच्या बाजूला उजळ रेघ ओढून स्पष्टतेचा आभास निर्माण करते. याची खात्री करायची असेल तर एखादी मराठी वृत्तवाहिनी लावून पडद्याच्या अगदी जवळ उभे राहावे आणि खालून सरकणाऱ्या बातमीच्या पट्टीकडे पाहावे. शार्पनेस जास्त असेल तर अक्षरांच्या शिरोरेषेला लागून वर आणि खाली एक फिकट पांढरी छटा दिसते, आणि ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’सारख्या गुंतागुंतीच्या अक्षरांच्या पोटात ती साचल्यासारखी होते. ही छटा नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणावा. इथे एक सावधगिरी: सगळ्या टीव्हींचा शून्य सारखा नसतो. सॅमसंगच्या टीव्हींमध्ये ० हा तटस्थ बिंदू आहे, तर सोनीमध्ये ५०. सोनीचा आकडा त्याच्या खाली नेला तर चित्र खरोखरच पुसट होते. ‘नॉइज रिडक्शन’, ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ आणि ‘कलर एन्हान्सर’ ही मंडळी बंद ठेवली तरी चालते. केबलच्या खराब चॅनेलवर ठिपके नाचत असतील तर तेवढ्यापुरते नॉइज रिडक्शन ‘लो’वर ठेवावे.

सर्वांत जास्त वाद ज्या सेटिंगवरून होतो, ते हालचालीचे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतला जातो आणि पडद्यावरच्या हालचालीत जो किंचित कंप व धूसरपणा येतो तो आपल्या सवयीचा असतो. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतः कल्पलेली चित्रे घुसवतो, तेव्हा हालचाल लोण्यासारखी गुळगुळीत होते, आणि कोट्यवधींचा खर्च करून घेतलेला प्रसंग एखाद्या मालिकेच्या सेटवर व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपल्यासारखा वाटू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास चित्रफीत काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याची विनंती केली होती, यावरून चित्रपटवाल्यांना तिचा किती त्रास होत असेल ते कळावे. अडचण अशी, की प्रत्येक कंपनीने तिला वेगळे नाव दिले आहे: एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीमध्ये ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये आधी ‘ऑटो मोशन प्लस’ आणि नंतर ‘पिक्चर क्लॅरिटी’. चित्रपटांसाठी ती बंद करावी. काही टीव्हींवर, विशेषतः ओएलईडीवर (ज्यात मागे दिवा नसून प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो), कॅमेरा आडवा फिरताना चित्र फारच अडखळते असे वाटले, तर ‘कस्टम’मध्ये जाऊन सर्वांत खालचे एक-दोन अंश ठेवण्यास हरकत नाही.

क्रिकेटसाठी ही सोय हवीच, असे सांगणारे दुकानात भेटतात. आपल्याकडच्या वाहिन्यांचे प्रक्षेपण ५० हर्ट्झवर होते आणि थेट सामन्यात सेकंदाला ५० वेळा नवी हालचाल पडद्यावर येते, म्हणजे ती मुळातच चित्रपटापेक्षा दुपटीहून अधिक प्रवाही असते. उलट वेगवान गोलंदाजाचा चेंडू प्रेक्षकांच्या रंगीबेरंगी पार्श्वभूमीवरून जातो, तेव्हा मधली चित्रे कल्पिणाऱ्या टीव्हीचा अंदाज चुकतो आणि चेंडू क्षणभर गायब होतो किंवा बॅटच्या कडेला फाटल्यासारखे ठिगळ दिसते. आमच्या मते सामन्यासाठीही ती बंद ठेवून पाहावी, आणि मगच काय ते ठरवावे.

अडखळण्याचे खरे कारण कित्येकदा टीव्हीत नसून त्याला लावलेल्या स्टिकमध्ये असते. भारतात बनणाऱ्या बहुतेक मालिका सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने तयार होतात, पण स्ट्रीमिंगची स्टिक किंवा बॉक्स टीव्हीकडे सरसकट ६० हर्ट्झचा सिग्नल पाठवत असेल, तर २५ चा ६० मध्ये नीट भाग जात नाही आणि काही चित्रे दोनदा तर काही तीनदा दाखवावी लागतात. फायर टीव्हीमध्ये यासाठी ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ आणि ॲपल टीव्हीमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ असे सेटिंग आहे. ते चालू केल्यास कार्यक्रम सुरू होताना पडदा एखादा क्षण काळा होईल, तो दोष नव्हे. सर्वच ॲप ही सूचना पाळत नाहीत.

सेट टॉप बॉक्सकडेही एकदा पाहावे. एचडी बॉक्स घेऊनही त्याचे आउटपुट जुन्याच ५७६ ओळींवर राहिलेले असू शकते. ते १०८०वर न्यावे. एसडी, म्हणजे एचडी नसलेल्या, चॅनेलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम चार लाख पंधरा हजार ठिपके असतात आणि फोरके पडद्याला ८३ लाखांच्या घरात ठिपके भरायचे असतात, त्यामुळे अशी चॅनेल मोठ्या पडद्यावर पुसट दिसणारच. त्यावर सेटिंगचा इलाज नाही. जुन्या चित्रपटांत सगळी पात्रे बसकी आणि रुंद दिसत असतील तर मूळ ४:३ आकाराचे चित्र ताणले गेले आहे, असे समजून बॉक्सचा किंवा टीव्हीचा आकार ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’ करावा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या खुशाल राहू द्याव्यात. याच भागात चित्राची कड कापणारे सेटिंग असते. लॅपटॉप जोडल्यावर विंडोजची खालची पट्टी अर्धी पडद्याबाहेर जात असेल, तर दोष त्याचाच; एलजीमध्ये ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’, सोनीमध्ये ‘फुल पिक्सेल’ निवडले की ती जागेवर येते.

मुलांसाठी गेमिंग कन्सोल घेतला असेल तर आतापर्यंत सांगितलेले बरेचसे बाजूला ठेवून त्या एका इनपुटला ‘गेम मोड’ लावावा. चित्र सजवायला टीव्हीला वेळ लागतो. साध्या मोडमध्ये बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा उशीर १०० मिलिसेकंदांपर्यंतही जाऊ शकतो. सेकंदाला ६० चित्रांच्या खेळात एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, म्हणजे खेळणारा पाच-सहा चित्रे मागे असतो आणि हरल्याचा दोष कंट्रोलरला देतो. गेम मोड ही बहुतेक सजावट बंद करतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स सेकंदाला १२० चित्रे देऊ शकतात; मात्र त्यासाठी पडदा १२० हर्ट्झचा हवा आणि केबल योग्य पोर्टमध्ये हवी. अनेक टीव्हींच्या चारपैकी एखाद-दोनच पोर्टना ही क्षमता असते आणि पोर्टशेजारी तसे छापलेले असते. काही टीव्हींमध्ये साउंडबारकडे आवाज पाठवणारा ईएआरसी पोर्टही नेमका तोच असतो, हे खरेदीपूर्वी पाहिलेले बरे. शिवाय पूर्ण क्षमता मिळण्यासाठी त्या पोर्टपुरते सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय डीप कलर’ किंवा सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ चालू करावे लागते.

लॅपटॉप जोडल्यावर माउसचा बाण जड वाटत असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ३० हर्ट्झ तर निवडलेले नाही ना, ते पाहावे. जुन्या पोर्टवर फोरके तेवढ्यावरच चालते, आणि अशा वेळी १०८० निवडून ६० हर्ट्झ घेणे शहाणपणाचे. रंगीत अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसत असतील तर इनपुटच्या यादीत त्या पोर्टचे नाव बदलून ‘पीसी’ करावे. पुष्कळ टीव्हींमध्ये हे नाव केवळ ओळखीपुरते नसते, ते वाचून टीव्ही चित्रावरची प्रक्रियाही बदलतो. काळा रंग राखाडी दिसल्यास लॅपटॉप आणि टीव्ही यांपैकी एका टोकाला रंगाची पातळी १६ ते २३५ आणि दुसऱ्या टोकाला ० ते २५५ धरली गेली असण्याची शक्यता आहे. दोन्हीकडे एकच, किंवा दोन्हीकडे ‘ऑटो’ ठेवावे.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक अधिक ठळक दाखवणारा, कार्यक्रम सुरू झाला की कोपऱ्यात तसे चिन्ह येते आणि टीव्ही वेगळ्याच सेटिंगच्या संचावर जातो, त्यामुळे मोड, रंगतापमान आणि हालचाल यांची निवड तिथे पुन्हा एकदा करावी लागते. स्वस्त टीव्हीवर एचडीआर चित्र साध्यापेक्षा काळोखे दिसते, कारण ते ज्या झगमगाटासाठी बनवलेले असते तेवढा उजेड त्या पडद्याजवळ नसतो. अशा वेळी मागचा दिवा पूर्ण वाढवावा, चित्राचा झगमगाट पडद्याच्या आवाक्यात बसवणारे ‘टोन मॅपिंग’ चालू करावे आणि डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच प्रकारात ‘डार्क’ऐवजी ‘ब्राइट’ निवडावे.

ओएलईडी टीव्ही असणाऱ्यांनी रात्री रिमोटने टीव्ही बंद करून लगेच भिंतीवरचे बटण बंद करण्याची आपली सवय सोडावी. काही तासांच्या वापरानंतर हा पडदा स्टँडबायमध्ये असताना स्वतःची झीज मोजून ती भरून काढतो, आणि वीजच तोडली तर ते काम राहून जाते. वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची लाल पट्टी दिवसभर एकाच जागी दिसणाऱ्या घरांत तर हे विशेष पाळावे.

अनेक टीव्ही हे सगळे आकडे प्रत्येक इनपुटसाठी वेगळे लक्षात ठेवतात. ‘अप्लाय टू ऑल इनपुट्स’ असा पर्याय असेल तर सेट टॉप बॉक्स आणि स्टिक यांच्यासाठी तो वापरावा, पण मग कन्सोलचा गेम मोड टिकून आहे की नाही ते पुन्हा पाहावे. सर्व लावून झाल्यावर सेटिंगच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, कारण सॉफ्टवेअरच्या अपडेटनंतर काही आकडे मूळ जागी गेलेले आढळतात, आणि सर्व्हिसवाल्याने ‘फॅक्टरी रीसेट’ केला तर सगळेच जातात.